व्ही-जे रेकॉर्ड्स: खप वाढत गेला, गल्ला आटत गेला

४ एप्रिल १९६४ च्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. हे संगीताच्या नादी लागलेल्या बहुतेकांना माहीत असतं. त्या पाच तबकड्यांवर लेबलं कोणाची होती, हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. पहिली आणि चौथी कॅपिटॉलची. तिसरी फिलाडेल्फियाच्या स्वान नावाच्या छोट्या कंपनीची. दुसरी टॉलीची, पाचवी व्ही-जेची. आणि टॉली हे व्ही-जेनंच काढलेलं उपलेबल. म्हणजे त्या आठवड्यातल्या पहिल्या पाचांतली दोन गाणी एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या कंपनीची होती, आणि ही कंपनी अकरा वर्षांपूर्वी एका रेकॉर्डच्या दुकानातून उभी राहिली होती.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकतो हौसेनं. पोटासाठी लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. त्यामुळे व्ही-जेची गोष्ट दोन्ही कानांनी ऐकतो. ती सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक, ‘बीटल्स हातात आले होते, सोडले’. दोन, ‘साहेबांनी जुगारात पैसा घालवला’. दोन्हींत तथ्य आहे, पण रोगाचं निदान दोन्हींत नाही.

दुकानाचा काउंटर

गॅरी हे इंडियाना राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठचं गाव. १९०६ मध्ये यू. एस. स्टील कंपनीनं वसवलं आणि कंपनीच्या अध्यक्षाचं आडनाव गावाला दिलं. भट्ट्यांवर कामाला दक्षिणेतून, विशेषतः मिसिसिपीतून, हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं आली. व्हिव्हियन कार्टर त्यांतलीच एक मुलगी. १९४८ मध्ये शिकागोचा नामवंत रेडिओ निवेदक अल बेन्सन यानं घेतलेल्या स्पर्धेत ती निवडली गेली आणि माइकसमोर बसली. पुढे गॅरीच्या रेडिओवरून ती रोज रात्री गाणी लावायची आणि श्रोत्यांशी घरच्यासारखं बोलायची. जेम्स ब्रॅकनबरोबर तिनं गॅरीत रेकॉर्डचं दुकान काढलं होतं.

रेडिओ आणि दुकान ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. रात्री लोक रेडिओवर काय मागतात ते कळायचं. सकाळी काउंटरवर त्यातलं काय मिळत नाही ते कळायचं. मोठ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय वस्त्यांतलं संगीत छापण्यात फारसा रस नव्हता. बाजारात मागणी होती, माल कमी होता. मग माल आपणच काढू, असं या दोघांना वाटलं तर नवल नाही. १९५३ मध्ये एका गहाणवट सावकाराकडून ५०० डॉलर उचलून त्यांनी काम सुरू केलं, असं सांगितलं जातं. व्हिव्हियनचा ‘व्ही’, जेम्सचा ‘जे’. त्याच वर्षी दोघांनी लग्नही केलं. कोणते गायक घ्यायचे आणि काय ध्वनिमुद्रित करायचं, हे व्हिव्हियनचा भाऊ कॅल्व्हिन कार्टर बघू लागला.

पहिल्या दोन तबकड्या होत्या जिमी रीडची ‘हाय अँड लोनसम’ आणि स्पॅनियल्स या गटाची ‘बेबी इट्स यू’. स्पॅनियल्स म्हणजे गॅरीच्याच शाळेतली पोरं. त्यांचं गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण व्ही-जेकडे माल देशभर पोचवायची यंत्रणा नव्हती, म्हणून या तबकड्या शिकागोच्या चान्स रेकॉर्ड्सला भाड्यानं द्याव्या लागल्या. पहिल्याच वर्षी पाहा: गाणं आपलं, विकणारा दुसरा, पैसे तिसऱ्याकडून येणार.

दुसऱ्या वर्षी स्पॅनियल्सचं ‘गुडनाइट, स्वीटहार्ट, गुडनाइट’ निघालं आणि पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. लगोलग मॅग्वायर सिस्टर्स या गोऱ्या गायिकांनी तेच गाणं म्हटलं आणि मोठा खप त्यांच्या पदरात पडला. त्या काळी हा रिवाजच होता. फक्त एक बारकावा: तबकडी कोणाचीही खपो, गाण्याच्या प्रकाशनाचे हक्क ज्याच्याकडे त्याला पैसे मिळतातच. गाण्याच्या श्रेयात पूकी हडसन या गायकाबरोबर कॅल्व्हिन कार्टरचंही नाव आहे. हे श्रेय कितपत सचोटीचं, यावर वाद घालता येईल. त्या काळच्या कंपन्यांत मालक-निर्मात्यांची नावं गाण्यांना चिकटायची खोड होतीच, मालक गोरा असो वा काळा.

जिमी रीड नावाचं बचत खातं

जिमी रीडचं गाणं ऐकलं नसेल तर आधी ऐका, मग पुढे वाचा. गळ्यात अडकवलेली माउथ ऑर्गन, हातात गिटार, मागे एडी टेलरची डुलत जाणारी दुसरी गिटार, आणि आवाज असा की माणूस नुकताच झोपेतून उठून बोलतोय. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ड्रमवर होता अल्बर्ट किंग, जो पुढे स्वतः गिटारवादक म्हणून गाजला.

रीड मिसिसिपीचा, मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात राबलेला. त्याला फिट्स यायच्या आणि दारू सुटत नव्हती. गाण्याचे शब्द ऐन वेळी आठवायचे नाहीत. म्हणून त्याची बायको मेरी, सगळे तिला ‘मामा रीड’ म्हणत, ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेजारी बसून पुढची ओळ त्याच्या कानात सांगायची. १९६० च्या ‘बेबी व्हॉट यू वाँट मी टू डू’मध्ये कान देऊन ऐकलं तर तिचा आवाज मागे चक्क ऐकू येतो. कुठल्याही मोठ्या कंपनीनं हा ‘दोष’ पुसून पुन्हा ध्वनिमुद्रण केलं असतं. कॅल्व्हिन कार्टरनं तसाच ठेवला. माझ्या मते त्या माणसाच्या कानाचा याहून चांगला दाखला नाही.

धंद्याच्या दृष्टीनं रीड काय होता? ‘यू डोन्ट हॅव टू गो’ १९५५ मध्ये पाचव्या क्रमांकावर. ‘ऑनेस्ट आय डू’ १९५७ मध्ये चौथ्या. १९६१ मध्ये ‘बिग बॉस मॅन’ आणि ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’. एकही गाणं दहा लाखांची झुंबड उडवणारं नाही. पण दर वर्षी काही ना काही येतंच आहे, दक्षिणेत आणि शिकागोत विकलं जातंच आहे, गोऱ्या तरुणांतही झिरपतं आहे. छापायचा खर्च माफक, जाहिरात जवळजवळ नाही, आणि तबकडी पूर्णपणे कंपनीच्या मालकीची. जॉन ली हूकरचंही तसंच: १९५६ चं ‘डिंपल्स’, १९६२ चं ‘बूम बूम’. गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चच्या भक्तिसंगीतात, स्टेपल सिंगर्सचं ‘अनक्लाउडी डे’. हा माल शिळा होत नाही. किराण्याच्या दुकानात तांदूळ-डाळ असते तसा.

माल सुटतो, पैसा येतो… कधी?

इथं जरा थांबून या धंद्याची नाडी बघू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कॅपिटॉल, कोलंबिया, आर.सी.ए. यांचे स्वतःचे छापखाने होते, आपल्याच शाखांतून माल देशभर जायचा. व्ही-जेसारखी स्वतंत्र कंपनी मात्र मुलखामुलखातल्या स्वतंत्र वितरकांवर अवलंबून. एका वितरकाकडे डझनांनी कंपन्यांचा माल. तो घेतो उधारीवर, न खपलेला परत पाठवतो, आणि पैसे देताना एकच गोष्ट बघतो: या कंपनीचं पुढचं गाणं मला लागणार आहे का? लागणार असेल तर मागचं बिल निघतं. नसेल तर ‘बघू, पुढच्या महिन्यात’. तबकड्या छापणारा प्लांट मात्र थांबत नाही. त्याला पैसे लवकर हवेत, नाहीतर पुढचा लॉट निघत नाही.

समजण्यासाठी आकडे मनानं घेऊ. एक तबकडी छापायला १० सेंट पडतात. वर्षभरात ५० हजार खपणारं गाणं असेल तर छपाईची रक्कम ५ हजार डॉलर, तीही तुकड्यातुकड्यानं. आता गाणं पेटलं आणि सहा आठवड्यांत १० लाखांची मागणी आली. छपाईलाच १ लाख डॉलर, आणि ते महिन्याभरात. वितरकांकडून पैसा येणार तीन-चार महिन्यांनी, तोही अर्धामुर्धा. मधली दरी कोण भरणार? बँक? पन्नासच्या दशकात कृष्णवर्णीय मालकाच्या गाण्याच्या कंपनीला बँका दारात उभं करत नव्हत्या. मग दरी भरतात ती ज्यांची देणी लांबवता येतात त्यांच्या पैशातून. कलाकाराची रॉयल्टी लांबवणं सगळ्यांत सोपं.

थोडक्यात, या धंद्यात गाणं पडलं तर थोडं नुकसान, आणि गाणं तुफान चाललं तर जीव टांगणीला. लहान कारखानदारांशी बोलून बघा, मोठ्या ऑर्डरीनं बुडालेले दोन तरी भेटतील.

१९६२: सगळं एकदम

चान्स रेकॉर्ड्स बंद पडल्यावर तिथला एवार्ट ॲबनर व्ही-जेत आला. शिकलेला, हिशेबाची पदवी असलेला, बोलण्यात पटाईत. १९६१ मध्ये तो अध्यक्ष झाला. कचेरी शिकागोच्या साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर होती. याच रस्त्यावर चेस रेकॉर्ड्स आणि इतर कितीतरी कंपन्या; त्याला ‘रेकॉर्ड रो’ म्हणायचे.

ॲबनरच्या काळात कंपनीनं ब्लूजच्या पलीकडे हात पसरले. १९६१ मध्ये एडी हॅरिस या जॅझ सॅक्सोफोनवादकाचं ‘एक्झोडस’ लोकप्रिय झालं. डी क्लार्कचं ‘रेनड्रॉप्स’ सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९६२ च्या फेब्रुवारीत जीन चँडलरचं ‘ड्यूक ऑफ अर्ल’ पहिल्यावर. मग न्यू जर्सीचा फोर सीझन्स हा गोऱ्या पोरांचा गट आला आणि ‘शेरी’, ‘बिग गर्ल्स डोन्ट क्राय’, ‘वॉक लाइक अ मॅन’ अशी तीन गाणी सहा-सात महिन्यांत लागोपाठ पहिल्या क्रमांकावर गेली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सुवर्णकाळ. मोटाउनच्या आधी कृष्णवर्णीय मालकीची एवढी यशस्वी रेकॉर्ड कंपनी अमेरिकेत झाली नव्हती. आतून मात्र वर सांगितलेली दरी एका वर्षात अनेक पटींनी रुंदावली. शिवाय एक फरक पडला होता. फोर सीझन्सच्या तबकड्या बाहेरच्या निर्मात्यानं बनवून कंपनीला भाड्यानं दिलेल्या होत्या. रीड बिलासाठी वकील घेऊन येत नव्हता. यांचे वकील येणार होते. रॉयल्टीवरून वाद पेटला आणि १९६३ संपता संपता गट निघून गेला.

त्यात ॲबनरच्या जुगाराची देणी. लास वेगासमध्ये झालेली ही देणी कंपनीच्या पैशातून भागवली गेली, असं व्ही-जेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९६३ मध्ये त्याला घालवण्यात आलं. तो जीन चँडलरला बरोबर घेऊन गेला आणि शिकागोतच नवीन कंपनीत बसला. यात मला खटकतं ते वेगळंच. अध्यक्षाला गल्ल्यात हात घालता येतो आणि मालकांना ते उशिरा कळतं, याचा अर्थ गल्ला आणि खातेवही यांच्यामध्ये कोणी बसलेलंच नव्हतं. दुकान होतं तेव्हा व्हिव्हियन स्वतः काउंटरवर होती. कंपनी झाली आणि काउंटर रिकामा राहिला.

८५९ डॉलर

बीटल्स व्ही-जेकडे आले ते जवळपास फुकट. इंग्लंडच्या ई.एम.आय.ची अमेरिकेतली कंपनी कॅपिटॉल. तिनं फ्रँक आयफील्ड या गायकाचं ‘आय रिमेंबर यू’ नाकारलं. ते व्ही-जेनं घेतलं आणि १९६२ मध्ये पाचव्या क्रमांकावर नेलं. कॅपिटॉलनं बीटल्सही नाकारले, तेव्हा ई.एम.आय.च्या वतीनं परवाने देणाऱ्या ट्रान्सग्लोबल या संस्थेनं ते व्ही-जेकडे सरकवले. १९६३ च्या जानेवारीत करार झाला.

फेब्रुवारीत ‘प्लीज प्लीज मी’ निघालं. पहिल्या छपाईत लेबलवर बँडचं स्पेलिंग चुकलं, एका ‘टी’ऐवजी दोन. शिकागोच्या डब्ल्यू.एल.एस. स्टेशनवर डिक बियोंडी यानं ते वाजवलं, स्थानिक यादीच्या तळाशी ते काही दिवस रेंगाळलं आणि विझलं. मे महिन्यात ‘फ्रॉम मी टू यू’, तेही गेलं. जुलैसाठी एलपी तयार ठेवली होती, पण पैशाअभावी बाहेर काढलीच नाही.

आणि इथं ती रक्कम येते. व्ही-जेनं बीटल्सच्या खपाची रॉयल्टी भरली नाही. थकबाकी होती ८५९ डॉलर. फ्रँक आयफील्डची थकबाकी यापेक्षा कितीतरी मोठी होती, बीटल्सची म्हणजे चिल्लर. ऑगस्टमध्ये ट्रान्सग्लोबलनं परवाना रद्द केला. म्हणून पुढचं ‘शी लव्हज यू’ स्वानकडे गेलं, आणि त्यानंतर कॅपिटॉलला जाग आली.

लोक ८५९ चा आकडा सांगून हसतात. मला हसू येत नाही. ज्या कंपनीची गाणी त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर होती, तिच्याकडे हे बिल भरायला पैसे नव्हते असं नाही. ते बिल कोणाच्या यादीत वरच नव्हतं. वसुलीला जो मोठ्यानं ओरडतो त्याला आधी, हीच तिथली पद्धत झाली होती. लिव्हरपूलची चार पोरं ओरडत नव्हती.

सोळा गाणी आणि एक तारीख

१९६४ च्या जानेवारीत देशभर बीटल्सचं वेड सुरू होताना व्ही-जेच्या गोदामात ती न काढलेली एलपी आठवली. ‘इंट्रोड्यूसिंग… द बीटल्स’ १० जानेवारीला बाजारात, कॅपिटॉलच्या एलपीच्या दहा दिवस आधी. घाई इतकी की मागच्या बाजूचा मजकूर तयार नव्हता. सुरुवातीच्या काही प्रतींच्या पाठीवर कंपनीच्या इतर एलपींची रंगीत चित्रं चिकटवली, काहींची पाठ कोरीच ठेवली. आठवड्याभरात कॅपिटॉल कोर्टात. एलपीतल्या दोन गाण्यांच्या अमेरिकेतल्या प्रकाशनाचे हक्क कॅपिटॉलच्याच उपकंपनीकडे होते. व्ही-जेनं ती दोन काढून दुसरी दोन घातली आणि छपाई चालू ठेवली. मनाई आली की थांबायचं, उठली की रात्रंदिवस छापायचं, असा खेळ काही आठवडे चालला. एका महिन्यात बीटल्सच्या २६ लाख तबकड्या विकल्या, असा आकडा सांगतात. एलपी नऊ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर बसली.

एप्रिलमध्ये तडजोड झाली: हातात असलेली सोळा गाणी व्ही-जेनं १५ ऑक्टोबर १९६४ पर्यंत विकावीत, मग सगळं कॅपिटॉलचं. मग त्याच सोळा गाण्यांची वेगवेगळी वेष्टनं सुरू झाली. बीटल्सची एलपी आणि फोर सीझन्सची एलपी एकत्र बांधून ‘सामना’ म्हणून विकली. त्याआधीच ‘जॉली व्हॉट!’ नावाची एलपी काढली होती. मुखपृष्ठावर ‘रंगमंचावर’ असं लिहिलेलं, आत रंगमंचाचा संबंध नाही, बारा गाण्यांपैकी आठ आयफील्डची. पाठीवर ‘संकलन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी भलताच, चारचौघांत न उच्चारण्यासारखा शब्द छापून गेला. मुद्रितशोधन बहुधा उधारीवर होतं.

आता माझा मुख्य आक्षेप. एप्रिलमध्ये कागदावर तारीख होती. सहा महिन्यांनी हा पैसा बंद होणार, हे मालकांना, नव्या अध्यक्षांना, वकिलांना, सगळ्यांना ठाऊक. वितरकांना ‘पुढचं गाणं’ या चाबकानं धाक दाखवता येईल असे आयुष्यातले हेच सहा महिने. या काळात जुनी येणी वसूल करायची, थकलेल्या रॉयल्ट्या चुकवायच्या, कचेरी आखडायची. झालं उलटं. १९६४ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला हलली. नवी कचेरी, नवी माणसं, नवे कलाकार. लिटल रिचर्डही घेतला, ज्याच्या एका तबकडीवर तेव्हा अनोळखी असलेला जिमी हेंड्रिक्स गिटार वाजवतो. सगळा खर्च बीटल्सच्या खपाच्या मापानं बेतलेला, आणि उत्पन्नाला मात्र शेवटची तारीख ठरलेली.

१९६४ च्या त्या वर्षात आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे कंपनीचं लक्ष होतं की नाही कोण जाणे. रोलिंग स्टोन्सनी पहिल्या एलपीत जिमी रीडचं ‘ऑनेस्ट आय डू’ गायलं. ॲनिमल्सनी हूकरचं ‘बूम बूम’ उचललं. हूकरचं आठ वर्षं जुनं ‘डिंपल्स’ इंग्लंडमध्ये आता कुठे यादीत शिरलं. ज्या मालावर कोणाचाही दावा नव्हता, ज्याला परवाना लागत नव्हता, त्याला साता समुद्रापार गिऱ्हाईक उभं राहत होतं. व्ही-जेची खरी दौलत हीच होती, आणि ती ‘जुना स्टॉक’ या सदरात पडून होती.

नंतर

१९६५ मध्ये कंपनी शिकागोला परतली. ॲबनरला परत बोलावलं, पण आता सावरायला काही उरलं नव्हतं. १९६६ मध्ये दिवाळखोरी. गाण्यांचा साठा जुन्याच अधिकाऱ्यांपैकी काहींनी विकत घेतला आणि पुनर्मुद्रणावर अनेक वर्षं चालवला. जिमी रीड पुन्हा कामी आला. ॲबनर मोटाउनमध्ये गेला आणि १९७३ मध्ये तिथला अध्यक्ष झाला. जेम्स ब्रॅकन १९७२ मध्ये वारला, रीड १९७६ मध्ये. व्हिव्हियन गॅरीला परतून पुन्हा रेडिओवर बोलू लागली. ती १९८९ मध्ये गेली.

‘इंट्रोड्यूसिंग… द बीटल्स’ची छपाई कायद्यानं १९६४ मध्येच संपली. पण संग्राहक सांगतात की जगात सर्वाधिक नक्कल झालेल्या एलपींमध्ये तिचा नंबर फार वरचा आहे, आणि जुन्या बाजारात समोर येणारी प्रत बहुधा खोटीच निघते. त्या प्रती छापणाऱ्यांनी वितरकांना उधारी दिली नसणार. रोख घेतले असणार.